३,४८,३६१ चौरस किलोमीटर, आणि त्यात जिवंत किती?

जगाच्या उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात ३,४८,३६१ चौ. किमी प्रवाळखडक आहेत. त्यातला ८०,२१३ चौ. किमी तळ कठीण आहे, म्हणजे प्रवाळ रुजू शकतील असा. पहिला आकडा महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षा (३,०७,७१३ चौ. किमी) १३ टक्क्यांनी मोठा आहे. दुसरा कोकण विभागाच्या (३०,७२८ चौ. किमी) २.६ पट आहे. पृथ्वीवरील समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३६.१ कोटी चौ. किमी आहे. त्यात प्रवाळखडकांचा वाटा ०.१ टक्क्याहून कमी भरतो आणि कठीण तळाचा ०.०२२ टक्के. एवढ्याशा जागेवर समुद्रातील सुमारे २५ टक्के जाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अवलंबून असतात.

हे दोन्ही आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाचे मिचेल लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यामागे ‘ॲलन कोरल ॲटलास’ हा नकाशा आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या पैशातून २०१८ मध्ये काम सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये जगभरचा नकाशा पूर्ण झाला. त्यासाठी सेंटिनेल-२ आणि डव्ह या उपग्रहांचे १०० लाख कोटी पिक्सेल वापरले गेले. तळ ओळखायला संगणकाला शिकवण्यासाठी १५ लाख नमुने दिले गेले. प्रवाळखडकाच्या क्षेत्रफळाने भागले, तर हे दर चौ. किमीला सरासरी चार नमुने होतात.

आकड्याचा अर्थ लावण्याआधी त्याचे पूर्वज पाहू. १९७८ मध्ये जगातील प्रवाळखडकांचा अंदाज ६,१७,००० चौ. किमी होता. १९९७ मध्ये तो २,५५,००० वर आला, म्हणजे ५९ टक्क्यांनी घटला. २००१ च्या जागतिक ॲटलासमध्ये २,८४,३०० झाला. २०२४ मध्ये ३,४८,३६१, म्हणजे २००१ पेक्षा ६४,०६१ चौ. किमीने, २२.५ टक्क्यांनी जास्त. ही रांग कोणी आलेखावर मांडली तर प्रवाळखडक आधी निम्म्याहून कमी झाले आणि मग पुन्हा वाढू लागले, असे दिसेल. यातले काहीही घडलेले नाही. दर वेळी बदलली ती मोजपट्टी. १९७८ चा अंदाज ३० मीटरपर्यंतच्या उथळ पट्ट्यावरून बांधलेला होता. २००१ चा ॲटलास एक किलोमीटरच्या चौकटीत मोजलेला होता. २०२४ च्या नकाशात चौकटीची बाजू पाच मीटरच्या आसपास आली.

हाच प्रकार आपण किनाऱ्याच्या बाबतीत अलीकडेच पाहिला. भारताची किनारपट्टी ७,५१६.६ किमी असे शाळेत शिकवले जाई. ती आता ११,०९८.८१ किमी झाली आहे, ४७.७ टक्क्यांनी जास्त. महाराष्ट्राची ६५२.६ वरून ८७७.९७ किमी झाली, ३४.५ टक्क्यांनी. एक वीतभर नवा किनारा तयार झालेला नाही. जुने माप १ : ४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरचे होते, नवे १ : २,५०,००० प्रमाणाच्या नकाशावरचे. खाड्या, भूशिरे, वळणे आता मोजात आली. उथळ समुद्राच्या तळाचा कोणताही आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: पट्टी कोणती होती?

ती पट्टी म्हणजे पिक्सेल. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एका पिक्सेलची बाजू ३० मीटर असते, म्हणजे एका चौ. किमीत १,१११ पिक्सेल. सेंटिनेल-२ च्या चित्रात ती १० मीटर, म्हणजे १०,००० पिक्सेल. डव्हच्या चित्रात सुमारे ३.७ मीटर, म्हणजे जवळपास ७३,०००. मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी आहे. लँडसॅटला ते ३२ हजार ठिपक्यांत दिसते, सेंटिनेलला २ लाख ९१ हजार ठिपक्यांत आणि डव्हला २१ लाखांहून अधिक ठिपक्यांत.

यातला एकच ठिपका जवळून पाहू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर, ओहोटीला तीन मीटर पाणी उरते अशी दहा मीटर बाय दहा मीटरची जागा. मच्छीमार ज्याला खडप म्हणतात तो काळा खडक त्यातला अर्धा भाग व्यापून आहे. खडकावर सरगॅसम या तपकिरी शेवाळाचे झुबके आहेत, लाटेबरोबर सगळे एका बाजूला झुकणारे. कपारीत हाताच्या तळव्याएवढ्या प्रवाळाच्या चार-पाच वसाहती. बाकी वाळू, आणि वाळूवर पडलेला शिंपल्यांचा चुरा. उपग्रहाला या सगळ्याचा मिळून एकच रंग मिळतो, आणि संगणकाला त्या रंगाला एकच नाव द्यायचे असते. ॲलन ॲटलासमध्ये अशी सहा नावे आहेत: प्रवाळ-शेवाळ, खडक, खडी, वाळू, समुद्रगवत आणि सूक्ष्म शेवाळाचा थर. आपल्या ठिपक्याला बहुधा ‘खडक’ म्हटले जाईल, किंवा ‘प्रवाळ-शेवाळ’. प्रवाळ त्यात मोजले जातील की नाही, हे शेवाळाचे झुबके किती दाट आहेत त्यावर ठरेल.

रंग तरी किती खोलवरून परत येतो? शुद्ध पाण्यात फक्त शोषण धरले, तर लाल प्रकाश पाच मीटर खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत मूळच्या सुमारे ३ टक्के उरतो. दहा मीटरला ०.१ टक्का. निळा प्रकाश दहा मीटरपर्यंत जाऊन-येऊनही ८० टक्क्यांहून अधिक शिल्लक असतो. डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश एका मीटरच्या खेपेतच २ टक्क्यांवर येतो. या फरकाचे दोन उपयोग होतात. अवरक्त पट्टीत समुद्र जवळजवळ काळा दिसायला हवा. तिथे उजेड दिसला तर तो लाटांवरून परावर्तित झालेल्या उन्हाचा, असे धरून तो बाकीच्या पट्ट्यांतून वजा केला जातो. निळा आणि हिरवा हे दोन रंग किती वेगाने मंदावतात, त्याच्या गुणोत्तरावरून खोली काढता येते. खोली कळली की पाण्याने खाल्लेला रंग हिशेबात परत धरता येतो. पाण्याचा परिणाम वजा करण्याची मूळ पद्धत १९७८ मध्ये मांडली गेली, ६,१७,००० चौ. किमीचा तो फुगलेला अंदाज ज्या वर्षी आला त्याच वर्षी. ती पद्धत जगभर वापरण्याइतकी बारीक चित्रे आणि तेवढी गणनशक्ती मिळायला पुढची चाळीस वर्षे लागली.

इथे कुणी म्हणेल की जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळ मोजणे जास्त अचूक नाही का. अचूक आहेच. अडचण रुंदीची आहे. जहाजावरचे यंत्र एका फेरीत खोलीच्या साधारण चौपट रुंदीचा पट्टा मोजते. चार हजार मीटर खोलीवर हा पट्टा १६ किमीचा होतो, दहा मीटर खोलीवर ४० मीटरचा. म्हणजे खोल समुद्रात एक किलोमीटर जहाज चालवले की १६ चौ. किमी तळ मोजला जातो, उथळ पाण्यात ०.०४ चौ. किमी. फरक ४०० पट. ८०,२१३ चौ. किमी कठीण तळ दहा मीटर खोलीवर आहे असे धरले, तर तो जहाजाने मोजायला २० लाख किमी प्रवास करावा लागेल, पृथ्वीला ५० प्रदक्षिणा. तोही जिथे लाटा फुटतात आणि बोट खडकावर आपटू शकते अशा पाण्यात. समुद्रतळ मोजणाऱ्या ‘सीबेड २०३०’ या जागतिक उपक्रमाने जून २०२४ पर्यंत २६.१ टक्के तळ मोजला होता, जून २०२५ पर्यंत २७.३ टक्के. वर्षभरातली वाढ १.२ टक्के गुणांची, म्हणजे ४० लाख चौ. किमीहून अधिक, भारताच्या सव्वापट. तरीही किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अनेक नकाशांवर कोराच राहतो. दूरचे खोल पाणी आपल्याला जवळच्या उथळ पाण्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. उपग्रहाचे खरे काम याच कोऱ्या पट्ट्यात आहे.

पण उपग्रहाच्या नकाशाची अचूकता भागागणिक बदलते. ॲटलासच्या पद्धतीत ती ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान नोंदवली गेली आहे. ६० टक्के म्हणजे तपासलेल्या दर दहा ठिकाणांपैकी चार ठिकाणी नाव चुकले. चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. आठ मीटरवरचे दाट समुद्रगवत आणि आठ मीटरवरचे प्रवाळ, दोन्ही चित्रात गडद दिसतात. वाळू मात्र सहसा चुकत नाही, ती उजळ असते. त्यामुळे ‘वाळू नाही’ या नकाशाच्या उत्तरावर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा ‘इथे प्रवाळ आहे’ या उत्तरावर ठेवता येत नाही.

शिवाय ८०,२१३ आणि ३,४८,३६१ यांचे प्रमाण २३ टक्के येते म्हणून ‘प्रवाळखडकांपैकी २३ टक्क्यांवरच प्रवाळ आहेत’ असे लिहिणे चूक ठरेल. तळाचे वर्गीकरण सुमारे दहा मीटर खोलीपर्यंत केलेले आहे. एकूण क्षेत्राचा आकडा २० ते ३० मीटरपर्यंतचा आहे. अंश आणि छेद वेगवेगळ्या खोलीपर्यंत मोजलेले आहेत.

आता या हिशेबातला सर्वांत अवघड भाग. ‘कठीण तळ’ आणि ‘जिवंत प्रवाळ’ ह्या दोन गोष्टी एक नाहीत. उपग्रहाच्या यादीत ‘प्रवाळ-शेवाळ’ हे नाव एकत्र आहे, कारण मेलेल्या प्रवाळावर काही आठवड्यांत शेवाळ चढते आणि वरून त्याचा रंग जिवंत प्रवाळासारखाच तपकिरी-गडद दिसतो. प्रवाळ मेले तरी त्याचा चुनखडीचा सांगाडा जागेवर उभा असतो. नकाशावरचे क्षेत्रफळ वर्षानुवर्षे बदलत नाही.

लक्षद्वीपमध्ये याचा अर्थ काय होतो तो पाहा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर संशोधकांनी १९९८ पासून पाण्यात उतरून मोजणी केली. तळाचा किती भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला आहे, एवढेच ते मोजत होते. १९९८ मध्ये तो सुमारे ३७ टक्के होता, २०२२ मध्ये सुमारे १९ टक्के. २४ वर्षांत जवळपास निम्मा. मधल्या काळात १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या उष्णतेच्या लाटा समुद्रात आल्या, आणि प्रत्येक वेळी प्रवाळ पांढरे पडले. याच काळात लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांचे उपग्रहाने मोजलेले क्षेत्र कुठेही निम्मे झाले नाही. वरून पाहणाऱ्याला घर तेवढेच दिसते, आत राहणारे अर्धे गेले आहेत. केवळ नकाशाच्या आधारे लक्षद्वीपची स्थिती ठरवली, तर उत्तर ‘फरक नाही’ असे येईल. मला ही या विषयातली सर्वांत गंभीर चूक वाटते, आणि ती उपग्रहाची नाही. त्याला जो प्रश्न विचारता येत नाही, तोच त्याला विचारणाऱ्यांची आहे.

जागतिक पातळीवरही हीच दरी दिसते. जगभरच्या प्रत्यक्ष मोजणीतून २०२० च्या स्थितिदर्शक अहवालात असे मांडले गेले, की २००९ ते २०१८ या काळात जिवंत प्रवाळापैकी १४ टक्के, म्हणजे सुमारे ११,७०० चौ. किमी गेले. त्यासाठी ७३ देशांतील १२ हजारांहून अधिक ठिकाणांच्या सुमारे २० लाख नोंदी वापरल्या गेल्या, पाणबुड्यांनी दोरी आणि पाटी घेऊन केलेल्या. दुसरा आकडा उपग्रहाचा. जानेवारी २०२३ पासून एप्रिल २०२५ पर्यंत जगातील ८४ टक्के प्रवाळखडक-क्षेत्राने पांढरे पडण्याइतकी उष्णता सोसली, आणि किमान ८२ देश व प्रदेशांत प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद झाली. या आधीच्या, २०१४ ते २०१७ च्या लाटेत हे प्रमाण ६८ टक्के होते, २०१० मध्ये ३७ आणि १९९८ मध्ये २१. पण ८४ टक्के हा उष्णतेचा आकडा आहे, मृत्यूचा नाही. उपग्रहाने पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान मोजले. किती प्रवाळ मेले आणि किती सावरले, हे पुन्हा खाली उतरूनच कळणार.

भारताच्या वाट्याला किती? २००१ च्या जागतिक ॲटलासनुसार ५,७९० चौ. किमी, जगाच्या २.०४ टक्के. त्याच्या चार वर्षे आधी अहमदाबादच्या उपग्रह अनुप्रयोग केंद्राने भारतीय प्रवाळखडकांचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे काढले होते. त्यांची बेरीज सुमारे २,३७५ चौ. किमी. मुख्य क्षेत्रे चार: अंदमान-निकोबार ९५९, लक्षद्वीप ८१६, कच्छचे आखात ४६० आणि तामिळनाडूचा किनारा ९४. दोन आकड्यांत २.४ पटींचा फरक आहे. दोन्ही आजही अहवालांत येतात, काही वेळा एकाच अहवालात. फरक मुख्यतः चौकटीच्या बारकाव्याचा आणि ‘खडक’ कशाला म्हणायचे याचा आहे. लक्षद्वीपची जमीन ३२ चौ. किमी, खडक ८१६ आणि कड्यांच्या आतले उथळ पाणी, म्हणजे लगून, ४,२०० चौ. किमी सांगितले जाते. लगून धरायचे की वगळायचे, एवढ्या एका निर्णयाने देशाची बेरीज दुपटीहून जास्त हलू शकते.

समुद्रगवताच्या बाबतीत आकडे आणखी हलतात. २००३ मध्ये जगातले समुद्रगवत १,७७,००० चौ. किमी मानले जात होते. २०२२ मध्ये केवळ बहामाजच्या उथळ कट्ट्यांवर ६६,००० ते ९२,००० चौ. किमी समुद्रगवत असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि जगाची ज्ञात बेरीज एका शोधनिबंधाने ४० टक्क्यांहून अधिक वाढली. उपग्रहाचा नकाशा पारखण्यासाठी २,५४२ ठिकाणी पाणबुड्यांनी पाहणी केली होती. सोबत सात वाघ-शार्कच्या परांवर कॅमेरे बसवले होते. माणसाला जिथे पोचायला दिवस लागतात तिथे शार्क रोजच फिरते, आणि तिच्या चित्रांत मैलोन् मैल गवत निघाले. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच समुद्राची सेंटिनेल-२ ची १८ हजारांहून अधिक चित्रे वापरली. त्यांचे उत्तर जास्तीत जास्त सुमारे ४६,८०० चौ. किमी आले. विरळ गवताला गवत म्हणायचे की वाळू, याच्या उत्तरावर इथे हजारो चौ. किमी इकडचे तिकडे होतात. पहिल्या अंदाजाची वरची आणि खालची बाजू यांतले अंतर २६,००० चौ. किमी आहे. भारतातले एकूण समुद्रगवत ५१६.५९ चौ. किमी मोजले गेले आहे. म्हणजे बहामाजच्या एका अंदाजातली अनिश्चितता भारताच्या एकूण समुद्रगवताच्या ५० पट आहे.

भारताचा आकडा लहान आहे म्हणूनच त्याचा उपयोग थेट होतो. पाल्कच्या उपसागरात तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांलगत ४४८ चौ. किमीचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये घोषित केले. देशातले हे पहिलेच. त्यात १२,२५० हेक्टर, म्हणजे १२२.५ चौ. किमी समुद्रगवत असल्याचे नोंदले आहे, क्षेत्राच्या २७ टक्के. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, गवतावरच जगते आणि भारतात त्या सुमारे २४० उरल्या आहेत. या प्राण्यांसाठी सीमा आखायची असेल तर गवत कुठे आहे हे आधी कळावे लागते. नकाशा आणि राखीव क्षेत्र यांचा इतका सरळ संबंध फार थोड्या ठिकाणी दिसतो.

पण गवताचा नकाशा एकदा काढून भागत नाही. लक्षद्वीपमध्ये अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांनी दाटीने चरून समुद्रगवत संपवले, आणि मग ती पुढच्या बेटांच्या लगूनकडे वळली. काही वर्षांपूर्वीचा नकाशा तिथे आज नसलेले कुरण दाखवील.

हे सगळे निवळ पाण्याचे. कोकणात काय? पाण्याची स्वच्छता मोजण्याचे साधन १८६५ पासून तेच आहे. पांढऱ्या तबकडीला दोरी बांधायची, बोटीच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईल त्या जागी दोरीवर बोट धरायचे. दोरी ओढून वर घ्यायची आणि ओली लांबी मोजायची. उपग्रहालाही तळ साधारण तेवढाच खोल दिसतो, बहुधा थोडा कमी. लक्षद्वीपच्या कड्याबाहेर ही दोरी वीस मीटरच्या पुढे जाते. मुंबईच्या गढूळ पाण्यात ती हातभर ओली झाली की तबकडी नाहीशी होते. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी, वर्षाला ७३ वेळा एका जागेवरून जातात. जून ते सप्टेंबरचे ढग त्यातल्या २४ खेपा खातात. त्यानंतरही काही आठवडे नद्यांचा गाळ पाण्यात तरंगत असतो. मालवणात पाणी खऱ्या अर्थाने निवळते ते हिवाळ्यात, आणि तिथला नकाशा त्याच थोड्या महिन्यांतल्या चित्रांवर काढावा लागतो.

मुंबईत तर नकाशाचा उपयोगच संपतो. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवरून प्रवाळाच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. त्या १८ वसाहती एका सेंटिनेल पिक्सेलच्या शंभर चौरस मीटरमध्ये सहज मावल्या असत्या. कायदा एकेक वसाहत मोजतो. उपग्रहाला त्या दिसल्याच नसत्या. ओहोटीला खडकावर वाकून पाहणाऱ्या माणसांनी त्या नोंदवल्या.

मालवण अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. त्याच्या २९.१२ चौ. किमीपैकी गाभा क्षेत्र ३.१८ चौ. किमी, म्हणजे ११ टक्के. सीमा आखली तेव्हा असा उपग्रह नकाशा हाताशी नव्हता. आज आहे. गाभ्याच्या सीमेत नक्की किती खडक, किती शेवाळ, किती वाळू, आणि सीमेबाहेर किती खडक राहून गेला, हे सेंटिनेलच्या त्या २ लाख ९१ हजार पिक्सेलमधून आणि काही डझन बुड्यांतून एका हिवाळ्यात सांगता येईल. त्यासाठी लागणारी चित्रे कोणालाही फुकट मिळतात.

अधिक क्षेत्र जाहीर केल्याने संरक्षण वाढते, असे धरून चालण्याची सवयही इथे तपासावी लागेल. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत जगातील ३० टक्के समुद्र संरक्षित व्हायचा आहे. २०२४ पर्यंत ८.४ टक्के झाला होता. पण ऑस्ट्रेलियाचे ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान एकटेच ३,४४,४०० चौ. किमी आहे, जगातील एकूण प्रवाळखडकांच्या जवळजवळ तेवढेच. त्यात प्रत्यक्ष खडक सुमारे ७ टक्के. उरलेले क्षेत्र निरुपयोगी आहे असे नव्हे, पण ‘किती चौ. किमी संरक्षित’ आणि ‘किती प्रवाळ संरक्षित’ हे दोन स्तंभ वेगळे मांडावे लागतात. तळाचा नकाशा असल्याशिवाय दुसरा स्तंभ भरता येत नाही.

आणि भरताना रिकामी जागा शून्य समजू नये. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किमी पश्चिमेला आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळालेला हा पाण्याखालचा पठारी उंचवटा उत्तर-दक्षिण सुमारे ४० किमी आणि पूर्व-पश्चिम १५ किमी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पाणबुडे शास्त्रज्ञ तिथे उतरले. जिवंत प्रवाळ होते. पठाराचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे, कोकणच्या मापाने ११ वाव. उपग्रहाचे तळ-वर्गीकरण साडेपाच वावांवर थांबते. मालवण अभयारण्याच्या वीसपट मोठा हा उंचवटा ८०,२१३ चौ. किमीच्या हिशेबात बसतच नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे २२ किमीच्या पलीकडे असल्याने तो राज्याच्या अभयारण्याच्या कक्षेतही येत नाही. महाराष्ट्रासमोरच्या समुद्रातले सर्वांत मोठे ज्ञात प्रवाळक्षेत्र जगाच्या सर्वांत बारीक नकाशाच्या तळ-वर्गीकरणात कोरे आहे. तिथे जहाज आणि पाणबुडे पाठवूनच मोजणी करावी लागेल, दर काही वर्षांनी, त्याच जागी. ती सुरू व्हायला हवी.